बॅटरीचा झोत



वसंत व्याख्यानमालेत युनियनचा माणूस बोलावला, म्हणजे तो बोनस आणि महागाई यांवर बोलणार, असे धरूनच तुम्ही आला असाल. मी आज बॅटरीवर बोलणार आहे. शहरातले लोक जिला टॉर्च म्हणतात ती बॅटरी. आणि ओघाने, बंदुकीच्या नळीला बांधलेली बॅटरी. मी शाळा आठवीत सोडली. प्रकाशाचे शास्त्र मला कोणी गुरुजींनी शिकविले नाही, एका भांडणाने शिकविले.

मुंबईत मी सुरक्षा रक्षकांत काम करतो. आपल्याकडची माणसे पूर्वी गिरणीत आणि गोदीत जात. आता पुष्कळजण रखवालीला लागतात. माथाडी कामगारांचा कायदा १९६९ साली झाला, त्याच धर्तीवर १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांचा झाला. पगार, रजा, फंड यांसाठी आम्ही भांडलो. पण रात्रपाळीच्या माणसाच्या हातात बॅटरी कसली असावी, हा विचार मागण्या लिहिताना माझ्याही डोक्यात आला नव्हता.

एका गोदामाच्या मालकाने मोठ्या कौतुकाने नव्या बॅटऱ्या आणल्या. खोक्यावर छापलेले, ‘एक किलोमीटर झोत’. पहिल्याच आठवड्यात आमचा एक रक्षक उघड्या गटारात पडला आणि पायाचे हाड मोडून घेतले. मालक म्हणाला, “एवढा उजेड असून गटार दिसले नाही, म्हणजे माणूस झोपेत चालत होता.” भरपाई तेथेच अडली. मी ती बॅटरी मागून घेतली आणि त्याच रात्री त्याच वाटेने चाललो. पलीकडच्या भिंतीवरची पाटी मला वाचता आली. माझ्या पायातली वहाण मला दिसली नाही!

मग मी जुन्या बाजारातून पुस्तके आणली. त्यांतून कळले ते असे की, उजेड किती आणि तो कोठे टाकला, हे दोन वेगळे हिशेब आहेत. पहिला ल्यूमेनमध्ये मोजतात, दुसरा कँडेलामध्ये. बागेला पाणी देताना नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते. पाणी काही वाढत नाही. बॅटरीचेही तसेच. बल्बामागची वाटी परवलयाच्या आकाराची असते. तिच्या नाभीवर दिवा ठेवला की तिच्यावर आदळलेले किरण समांतर होऊन पुढे जातात. वाटी मोठी आणि दिवा बारीक, तितका झोत निमुळता. जो उजेड वाटीला न लागता परस्पर बाहेर पडतो, त्याचे भोवती फिकट कडे होते. पायाखालचे गटार दाखविते ते हे कडे. आमच्या त्या बॅटरीला पुढे भिंग होते. ते सगळा उजेड गोळा करून मध्ये टाकी, आणि कडे जवळजवळ नाहीच.

आता ‘एक किलोमीटर’ची गंमत ऐका. २००९ साली अमेरिकेत एक प्रमाण ठरले, ते पुष्कळ कारखानदार मानतात. उजेड पाव लक्सपर्यंत उतरला की तेथे झोत संपला असे धरावयाचे. पाव लक्स म्हणजे सुमारे पुनवेचे चांदणे. कँडेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की ते अंतर मीटरमध्ये येते. दहा हजार कँडेलाला २०० मीटर. आणि ४०० मीटर हवे असतील तर दुप्पट नव्हे, चौपट कँडेला लागतात. किलोमीटरला अडीच लाख! आणि चांदण्यात काय दिसते हे माणदेशात मी सांगावयास नको. कोणीतरी आहे एवढे कळते. पाहुणा की चोर, ते कळत नाही. ‘आठ तास चालते’ याचाही अर्थ, त्याच प्रमाणाप्रमाणे, आठव्या तासाला उजेड सुरुवातीच्या दहाव्या हिश्शावर आलेला असतो. रात्रपाळीचे शेवटचे तास कसे जातात ते यावरून समजावे.

आमच्या धनगराला यातले काही शिकावे लागत नाही. तो झोत लांब फेकीत नाही. कळपाच्या कडेकडेने फिरवितो. मेंढी, कुत्रा, लांडगा यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो, तो फिकट उजेडातही चमकतो. माणसाच्या डोळ्यांत तो नसतो. म्हणून मेंढीचोर लांडग्यापेक्षा अवघड, असे माझा चुलता म्हणे.

गोदामाच्या प्रकरणात मी बॅटरीच्या काचेवर दुधी चिकटपट्टी लावली आणि साहेबांना रात्री गटारापर्यंत चालवीत नेले, एकदा पट्टीसह, एकदा पट्टीवाचून. भरपाई मिळाली.

त्यानंतरचे प्रकरण बंदुकीचे. रोकड ठेवण्याच्या एका जागी रक्षकाच्या बाराबोरच्या नळीलाच बॅटरी बसवून दिली. दोन्ही हात मोकळे राहतात, ही सोय खरी. जुन्या बल्बाची तार बाराच्या धक्क्याने तुटे, एलईडीत तारच नसते, हेही खरे. पण छऱ्यांचा मारा तीस-चाळीस मीटरचा. त्याला पाचशे मीटरचा सुईसारखा झोत काय करावयाचा? चुना दिलेल्या बोळात तोच झोत भिंतीवरून उलटून रक्षकाचेच डोळे दिपवितो, आणि अंधाराला पुरते सरावलेले डोळे परत मिळावयास अर्धा तास लागतो. तेथे रुंद, मऊ झोतच हवा.

झोताचा आकार बदलता येतो. दुसरी गोष्ट बदलत नाही: नळीवरच्या दिव्याने ज्याला पाहावयाचे, त्याच्यावर नळी रोखावीच लागते. एका पहाटे आमच्या रक्षकाने पावलांचा आवाज ऐकून दिवा लावला. समोर झाडूवाली बाई उभी होती, हातात बादली. त्याचे बोट चापाबाहेर होते म्हणून बाई घरी गेली. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “आण्णा, मला नोकरी नको, पण त्या बाईंना तोंड कसं दाखवू?”

त्या रात्री मी मागणीपत्रात कलम घातले: नळीवर दिवा असो वा नसो, प्रत्येक रक्षकाला पाहण्यासाठी रुंद झोताची वेगळी हातबॅटरी मिळाली पाहिजे, आणि पाळी संपेपर्यंत पुरतील असे सेल. पहिल्या बैठकीत साहेब हसले. तिसऱ्या बैठकीत कलम मान्य झाले. सध्या आमचा वाद, सेल चार्ज करण्याचे विजेचे बिल कोणी भरावयाचे, यावर चालू आहे.