सहा मिनिटांचं बलुतं



मगाशी ओळख करून देताना मुख्याध्यापिका बाईंनी मला ‘वैमानिक’ म्हटलं. ते जरा जास्त झालं. माझ्याकडे अमेरिकेतलं खासगी विमान चालवायचं लायसन्स आहे. मला वैमानिक म्हणणं म्हणजे लुना चालवणाऱ्याला एसटीचा ड्रायव्हर म्हणणं. मी मूळचा पेंटरचा मुलगा. वडील कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत दुकानांचे बोर्ड रंगवायचे, ट्रकच्या फाळक्यावर मोर काढायचे. पैसे वेळेवर कुणीच देत नसे. मग सलूनचा बोर्ड रंगवला की आम्हा तिघा भावांची वर्षभराची कटिंग फुकट. मिसळवाल्याचा रंगवला की महिनाभर दर रविवारी किटलीतून कट घरी. आई चिडायची, “बलुतं मागता काय आता?” वडील म्हणायचे, “रोकडा चार दिवसांत संपतोय. न्हावी कुठं पळून जातोय?”

1997 साली मी नोकरीनिमित्त ओहायो राज्यात, डेटनजवळ होतो. डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव. त्यांचं सायकलचं दुकान तिथलंच. गावाबाहेर एक लहानशी धावपट्टी होती आणि पत्र्याच्या हँगरांची रांग. तिथं एक म्हातारा दोन सीटच्या सेसना 150 वर विमान शिकवायचा. त्याचा तासाचा दर ऐकून मी गपचूप घरी आलो. पुढच्या शनिवारी नुसता बघायला गेलो, तर म्हातारा विमानाच्या नाकावर बायकोचं नाव रंगवत होता. अक्षरं पार पाघळलेली. मला राहवेना. म्हटलं, द्या इकडं तो ब्रश.

त्या दिवशी आमचा सौदा ठरला: मी रंगवायचं, त्यानं विमान शिकवायचं. विमानात हॉब्स मीटर असतो. इंजिन किती वेळ चाललं ते तो तासाच्या दहाव्या भागात, म्हणजे सहा-सहा मिनिटांत मोजतो. नावाला दीड तास, शार्कच्या जबड्याला सहा तास, असा आमचा भाव होता. शेजारच्या हँगरवाल्यांची कामं आली तर त्यांचे पैसे म्हातारा घेणार आणि माझ्या वहीत मिनिटं जमा करणार. तिकडं असल्या देवाणघेवाणीवरही आयकर लागतो, हे मला नंतर कळलं. न्हाव्यानं वडिलांना असला धक्का कधी दिला नव्हता.

विमानाच्या नाकावर चित्र काढायची ही हौस लढाईतली आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये बॅसिंगबोर्नच्या तळावर टोनी स्टार्सर नावाचा अमेरिकन शिपाई होता. त्यानं शंभराहून जास्त बॉम्बफेकी विमानं रंगवली. त्यातलं ‘मेम्फिस बेल’ सगळ्यात गाजलं. त्याच्या एका बाजूला निळ्या कपड्यातली मुलगी आहे, दुसऱ्या बाजूला लाल. ते विमान 2018 पासून डेटनच्याच हवाई दलाच्या संग्रहालयात मांडलं आहे. वैमानिकानं विमानाचं नाव आपल्या मेम्फिसच्या वाग्दत्त वधूवरून ठेवलं होतं. पुढं लग्न मोडलं, नाव तेवढं टिकलं. शार्कच्या जबड्याची गंमत वेगळीच. इंग्रजांच्या 112 नंबरच्या तुकडीनं 1941 साली उत्तर आफ्रिकेत तो रंगवला. त्याचा फोटो बघून चीनच्या बाजूनं लढायला गेलेल्या अमेरिकन स्वयंसेवकांनी तो उचलला. आणि त्या तुकडीचं नाव काय, तर ‘फ्लाइंग टायगर्स’! वाघाच्या तोंडात माशाचे दात. पण बाकीची पुष्कळशी चित्रं शाळेत सांगण्यासारखी नाहीत. घर सोडून आलेली विशीतली पोरं होती ती. त्यातल्या किती जणांचं उद्याचं जेवण नक्की नव्हतं.

माझी पद्धत वडिलांची होती. आधी खाकी कागदावर चित्र काढायचं, रेषेवरून टाचणीनं भोकं पाडायची, कागद पत्र्यावर चिकटवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची. कागद काढला की ठिपक्या-ठिपक्यांचा शार्क खाली तयार. म्हातारा हे बघून खुळावला. अडचण रिव्हेटांची होती. सरळ ओढलेली रेघ रिव्हेटवर चढली की तुटते. त्यातून इंजिनावरचं झाकण उघडायचं असतं, म्हणजे वरच्या आणि खालच्या पत्र्यातले दात पुन्हा जुळले पाहिजेत. मी वडिलांना फोन लावला. एवढ्या महागड्या फोनवर ते म्हणाले, “ट्रकला काय रिव्हेटा नसतात व्हय? ब्रश आडवा धर.”

रंग कुठं लावायचा नाही, याचे नियम कडक होते. शेपटीच्या सुकाणूला आणि पंखाच्या हलत्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. तिथं रंगाच्या थराचंही वजन वाढलं तर तोल बिघडतो आणि वेगात ते भाग थरथरू लागतात. नोंदणीचा नंबर झाकायचा नाही. आणि सेसनाच्या डाव्या बाजूला, नेमकं चित्र काढायच्या जागेजवळ, एक बारीक छिद्र असतं. त्यातून बाहेरच्या हवेचा दाब आत जातो आणि त्यावर उंची आणि वेग दाखवणारे काटे चालतात. एकदा रंग उडू नये म्हणून मी त्यावर कागदी पट्टी चिकटवली आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी म्हातारा मला ओरडला नाही. खुर्चीवर बसवलं आणि आदल्या वर्षीची हकिगत सांगितली. 2 ऑक्टोबर 1996 ला पेरू देशात लिमाहून एक बोईंग 757 उडालं. विमान धुताना कामगारानं अशीच छिद्रांवर पट्टी लावली होती, ती काढायची राहिली. रात्रीच्या अंधारात समुद्रावर वैमानिकांना ना खरी उंची कळेना, ना वेग. विमानातले सगळे 70 जण गेले. एवढं सांगून म्हातारा म्हणाला, “चल, आज तुझा तास आहे ना?”

त्याच विमानात बसायचं होतं मला. पट्टी मी माझ्या हातानं काढली, छिद्र बोटानं चाचपलं, मग भिंगानं बघितलं. अजूनही कुठल्याही विमानाजवळ गेलो की आधी डावीकडं जातो.

पहिल्यांदा एकटा उडून उतरलो, तेव्हा तिथल्या रिवाजाप्रमाणं म्हाताऱ्यानं माझ्या शर्टाचं पाठीमागचं कापड कात्रीनं कापलं. त्यावर नाव आणि तारीख लिहून ते हँगरच्या भिंतीवर लावतात. बाकी सगळ्यांची नावं त्यानं मार्करनं खरडली होती. माझ्या हातात मात्र त्यानं ब्रश दिला. त्याची मिनिटं मागितली, तर म्हणाला, ही मजुरी नाही.

वहीतली चोवीस मिनिटं अजून येणं आहेत.

बरं, नाटकातली मुलं रंग फासून विंगेत कधीची उभी आहेत आणि मागच्या पडद्यावर कुणीतरी झकास विमान काढलंय. ज्यानं काढलं असेल, त्यानं कार्यक्रम झाल्यावर मला भेटावं. त्या विमानाचा पंखा पाती वाकडी लावल्यामुळं मागं जायला निघालाय. मी बसतो.