बैठकीची खोली कोणासाठी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला विषय दिला तो असा : ‘लहान घरातील बैठकीची खोली कशी लावावी व कशी सजवावी’. विषय सोपा वाटतो, कारण आपल्यापैकी प्रत्येकीने तो आयुष्यभर हाताळलेला आहे. दिवाळीच्या आधी एकदा, गणपतीच्या आधी एकदा आणि घरात कार्य निघाले की आणखी एकदा, आपण सगळ्या जणी कपाटे सरकवतोच. परंतु सामान कसे लावावे याआधी एक प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि तो म्हणजे ही खोली आहे कोणासाठी? महिन्यातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी, की तीसही दिवस तेथे वावरणाऱ्या घरच्या माणसांसाठी?

‘दिवाणखाना’ हा शब्दच पाहा. तो फारसीतून आपल्याकडे आला. दिवाण म्हणजे दरबार, आणि दरबार भरण्याची जागा तो दिवाणखाना. वाडे गेले, दरबार गेले. पण तो शब्द आणि त्यामागचा थाट मात्र आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊन बसला. मुंबईतील वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळी १९२० नंतरच्या काळात सरकारी विकास खात्याने बांधल्या. तेथील एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यातच स्वयंपाक, त्यातच निजणे, त्यातच मुलांचा अभ्यास आणि त्यातच पाहुणा! आज त्या चाळींच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. अशा नव्या घरात जाणारी गृहिणी पहिल्यांदा विचारते, “आता सोफासेट कोणता घ्यावा?” माझे सांगणे असे की, दुकानात जाण्याआधी घरी एक फूटपट्टी, एक चौकटींची वही आणि एक कात्री घेऊन बसावे.

वहीतील एक चौकट म्हणजे एक फूट असे धरून खोली काढावी. दारे कोणत्या बाजूला उघडतात, खिडकी कोठे आहे, विजेची बटणे कोठे आहेत, तेही दाखवावे. मग जाड कागदाचे तुकडे त्याच मापाने कापून त्यावर ठेवून पाहावेत. कागदाचा सोफा सरकवायला कंबर दुखत नाही आणि पैसेही पडत नाहीत!

आता हिशेब करू. तीन माणसांचा सोफा साडेसहा फूट लांब व तीन फूट रुंद, म्हणजे साडेएकोणीस चौरस फूट. दोन सुट्या खुर्च्या त्याच जातीच्या, तीन बाय तीन, म्हणजे अठरा. मधला टीपॉय चार बाय दोन, म्हणजे आठ. टीव्हीचे शोकेस पाच बाय दीड, म्हणजे साडेसात. बेरीज झाली ५३. खोली १२० चौरस फुटांची. उरलेल्या ६७ फुटांत दार उघडायचे, स्वयंपाकघराकडे जायचे, मुलांनी खेळायचे आणि रात्री अंथरुणे घालायची!

त्याऐवजी सहा बाय अडीचचा एक दिवाण घ्या, म्हणजे पंधरा. दोन हलक्या वेताच्या खुर्च्या, दोन बाय दोनच्या, म्हणजे आठ. एकात एक सरकणारी स्टुले, सव्वादोन. टीव्हीसाठी भिंतीला चार बाय एकची फळी, म्हणजे चार. बेरीज सव्वाएकोणतीस. वाचले जवळजवळ चोवीस चौरस फूट. एका माणसाला सहा बाय तीनचे अंथरूण घालून निवांत झोपता येते, आणि वर जागा उरते. आपल्या भागात चौरस फुटाचा भाव काय चालला आहे तो तुम्हाला ठाऊक आहेच. त्याने चोवीसला गुणून पाहा, म्हणजे तो सोफासेट किती महाग पडला असता ते कळेल.

रात्री अंथरूण घालायचे आणि सकाळी गुंडाळून ठेवायचे, यात कोणी कमीपणा मानू नये. जपानी माणूस शतकानुशतके हेच करीत आला. तेथे खोलीचे माप चटयांनी सांगतात. एक चटई साधारण सहा फूट बाय तीन फूट, आणि सहा चटयांची खोली म्हणजे सुमारे शंभर चौरस फूट. रात्री गाद्या पसरतात, सकाळी भिंतीतल्या कपाटात जातात, आणि तीच खोली दिवसा बैठकीची होते. आपल्या चाळीतील आज्यांनी हेच केले. मात्र अंथरुणे ठेवायला नीट जागा हवी. दिवाण घेताना खाली कप्पा असलेला घ्यावा, म्हणजे पेटारा निराळा लागत नाही.

आमच्या परिचयातील एका घरची गोष्ट सांगते. मुलीच्या पाहण्याचा कार्यक्रम ठरला, म्हणून हप्त्यांवर मोठा सोफासेट आणला. खोलीत आजींची खाट होती, ती खिडकीशी असे. तेथून त्यांना रस्ता दिसे, भाजीवाली दिसे, शाळेतून येणारी नातवंडे दिसत. सोफ्यासाठी ती खाट उचलून स्वयंपाकघराच्या बोळात गेली. आजी काही बोलल्या नाहीत. पण हळूहळू त्यांचे खाणे कमी झाले, बोलणे कमी झाले, आणि एका रात्री टीपॉयच्या कोपऱ्याला अडखळून त्या पडल्या. सुदैवाने हाड मोडले नाही. तेव्हा घरच्यांच्या ध्यानात आले की, तासाभरासाठी येणाऱ्या चार माणसांसाठी आपण घरातल्या एका माणसाची जागाच काढून घेतली. त्यांनी दोन सुट्या खुर्च्या व टीपॉय विकला, सोफा आतल्या भिंतीला लावला आणि खाट पुन्हा खिडकीशी आणली. मुलीचे लग्न पुढे यथावकाश ठरले, ते काही त्या सोफ्याकडे पाहून नव्हे!

म्हणून पहिला नियम असा की, सामान लावताना घरातील सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाचा विचार आधी करावा. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि न्हाणीघरापर्यंत जाणारी वाट अडीच फूट तरी मोकळी ठेवावी. कोणी वॉकर घेऊन चालत असेल तर तीन फूट. त्या वाटेवर सुटे पायपुसणे, घसरणारी सतरंजी किंवा विजेची तार नको. रात्री उठताना दिसेल असा एक मंद दिवा असावा. वडील माणसांची खुर्ची जमिनीपासून सतरा-अठरा इंच उंच व हाताची असावी, म्हणजे हातांवर भार देऊन उठता येते. खोल, बुटका सोफा बसायला मऊ, पण गुडघे दुखणाऱ्याला त्यातून उठणे म्हणजे दिव्यच. घरात लहान मूल असेल तर उंच कपाट व शोकेस भिंतीला पक्के जखडून घ्यावे. मुले खणांवर पाय देऊन चढतात आणि कपाट अंगावर येते.

दुसरा नियम खिडकीचा. लहान खोलीत खिडकी हीच खरी शोभा. तिच्यापुढे कपाट उभे करू नये. उंच सामान खिडकी ज्या भिंतीत आहे तिच्या समोर किंवा दारामागच्या कोपऱ्यात जावे, आणि खिडकीजवळ बुटके सामान यावे. पडदा सुती व पातळ घ्यावा आणि त्याचा दांडा खिडकीच्या दोन्ही बाजूंना थोडा लांब ठेवावा, म्हणजे दिवसा पडदा सरकवल्यावर काचेवर येत नाही. आरसा खिडकीच्या समोर किंवा काटकोनात लावला तर उजेड खोलीत आतपर्यंत पोचतो. कोकणपट्टीतील पावसाळा ध्यानात घेऊन बाहेरच्या भिंतीला कपाट अगदी चिकटवू नये. दोन-तीन इंच हवा खेळू द्यावी, नाहीतर मागे बुरशी धरते आणि आतल्या शालूंना वास येतो. जाड गालिचाही पावसाळ्यात गुंडाळून ठेवावा.

तिसरा नियम अभ्यासाचा. दहावीतली मुलगी आणि संध्याकाळच्या मालिका एकाच खोलीत नांदायच्या, हा आपल्या सर्वांच्या घरचा प्रश्न. भिंतीला बिजागरीने बसवलेले घडीचे टेबल, अडीच फूट उंचीचे, दोन फूट लांब असले तरी पुरते. काम झाले की ते भिंतीला मिटते. ते अशा जागी लावावे की, मुलीची पाठ टीव्हीकडे राहील आणि उजव्या हाताने लिहिणारीला उजेड डाव्या बाजूने मिळेल. टीव्हीची वेळ मात्र घरच्या माणसांनीच ठरवायची आहे, ती सुताराला बसवून देता येत नाही!

आता सजावटीकडे येते. सजावट म्हणजे वस्तू वाढवणे नव्हे. शोकेसमध्ये वीस वस्तू दाटून बसल्या तर एकही दिसत नाही. पाच मांडा, पंधरा पेटीत ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी बदला; घर नवे वाटते आणि पुसायलाही सोपे जाते. भिंतींना फिका रंग द्यावा, छत पांढरे ठेवावे. गडद रंगाची फारच हौस असली तर तो एकाच भिंतीला द्यावा. आपण दिवाणावर किंवा खाली बसणारी माणसे. म्हणून तसबिरी उभ्या माणसाच्या डोक्यावर न टांगता थोड्या खाली, बसल्याजागी दिसतील अशा लावाव्यात. एकाच झगझगीत दिव्याऐवजी दोन-तीन ठिकाणी लहान दिवे असले, तर वाचणाऱ्याला वाचता येते आणि झोपणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड येत नाही.

सुंदर वस्तूंसाठी दूर जायला नको. दिवाणावर सोलापुरी चादर घालावी. आईने किंवा सासूबाईंनी शिवलेली गोधडी माळ्यावर असेल तर ती काढून, उन्हे दाखवून, पाठीमागच्या भिंतीला लावावी. जुन्या लुगड्यांचे ते तुकडे कोणत्याही विकतच्या चित्रापेक्षा आपल्या घराशी अधिक बोलतात. वारली चित्रे आज चहाच्या कपांवरही दिसतात. पण लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहिणे हे मुळात त्या समाजातील सवाशिणींचे काम. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणली, जगापुढे नेली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घर सजवणे ही रिकामपणची हौस नसून बायकांनी जपलेली विद्या आहे, एवढे यावरून कळावे. कोपऱ्यात एखादी मनीप्लँटची कुंडी शोभते. मात्र त्याची पाने चावली तर तोंडाची आग होते, म्हणून ती रांगत्या मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

शेवटी, जे सांगण्यासाठी मी आज मुख्यतः उभी राहिले ते सांगते. ऑस्ट्रियातील एक स्थापत्यकार बाई होत्या, मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की. फ्रँकफुर्ट शहरातील नव्या कामगार वसाहतींसाठी त्यांनी १९२६ मध्ये एक स्वयंपाकघर आखले. जागा किती? साधारण सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब. गृहिणीची कोणती हालचाल किती वेळ घेते, ती किती पावले चालते, याचा विचार करून त्यांनी प्रत्येक फळीची जागा ठरवली. आणि एवढ्याशा जागेत त्यांनी आठवणीने एक फिरते स्टूल ठेवले, बाईला बसून भाजी चिरता यावी म्हणून.

आता आपल्या बैठकीच्या खोलीकडे पाहा. साहेबांची खुर्ची ठरलेली, तिच्यावर सहसा कोणी बसत नाही. मुलाची जागा ठरलेली. सासूबाईंचा दिवाण ठरलेला. पाहुण्यांसाठी पाच आसने. आणि घरच्या बाईची जागा? ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी असते, किंवा कोणी उठले की तेवढ्यापुरती टेकते. चार फूट जागा वाचवली आणि तीत आणखी एक शोपीस ठेवले, तर ती वाचवून काय उपयोग? त्या जागेत एक खुर्ची ठेवा. चांगल्या उजेडात, जवळ एक लहान फळी, तिच्यावर तुमचा चष्मा, तुमचे पुस्तक, तुमचे विणकाम किंवा तुमचा हिशेब. ती खुर्ची कोणाची आहे हे घरातल्या मुलांनाही ठाऊक असू द्या. ही मागणी स्वार्थाची नाही. आईला बसायला जागा आहे हे पाहून वाढलेला मुलगा उद्या आपल्या बायकोलाही जागा देईल.

हे सारे करायला कर्ज काढावे लागत नाही. बहुतेक काम आहे ते सामान सरकवून व काही विकून होण्याजोगे आहे. म्हणून मंडळाला एक सूचना करते. महिन्यातील एका रविवारी, जिला हवे असेल तिच्या घरी आपण चौघीजणींनी फूटपट्टी व चौकटींची वही घेऊन जावे. आधी कागदावर मांडणी करावी, घरच्या सर्वांना विचारावे, आजींना सर्वांत आधी विचारावे, आणि मग सामान हलवावे. कपाटे रिकामी करूनच हलवावीत; आणि घरच्या पुरुषमाणसांनी त्या दिवशी वर्तमानपत्र बाजूला ठेवून दुसरी बाजू धरावी. चहा मात्र त्या दिवशी त्यांनीच करावा.

ज्यांना आपले घर या कामासाठी द्यायचे असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर चिटणीसबाईंकडे नाव नोंदवावे.