पाऊस एका पट्टीवर

पावसाचे नकाशे शेजारी-शेजारी कसे मांडावेत, हा आजचा विषय. औंधात तो बोलायलाच हवा. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आपला खटाव तालुका, पर्जन्यछायेतला. पाचशेच्या आसपास पडला तरी आपण बरं वर्ष म्हणतो. पलीकडे माण, आणि त्याच्या पुढे आटपाडी. आटपाडी औंध संस्थानात होती, आज सांगली जिल्ह्यात आहे. दुष्काळ एकच, पण जिल्हे दोन झाले, तसे नकाशेही दोन झाले.

आपली मुलं हे नकाशे पायथन या संगणकभाषेतल्या मॅटप्लॉटलिबने काढतात. जॉन हंटर या मेंदूसंशोधकाने घडवलेलं आणि 2003 साली जगापुढे आलेलं हे साधन मोफत मिळतं. पण सगळ्या चित्रांना एकच मोजमाप ते सांगितल्याशिवाय लावत नाही. आकड्यांवरून रंग भरताना प्रत्येक चित्राचा किमान आणि कमाल आकडा ते त्या चित्रापुरताच धरतं. सर्वात जास्त आकडा पिवळा, सर्वात कमी जांभळा. त्यामुळे महाबळेश्वरचे सहा हजार पिवळे, आणि खटावचे सातशेही तितकेच पिवळे! पाहणाऱ्याला वाटावं, दोन्हीकडे आबादीआबाद.

मग सगळ्यांना शून्य ते सहा हजार अशी एकच रंगपट्टी लावावी का? लावून पाहा. खटाव, माण, आटपाडी तिन्ही एकसारखी जांभळी होतात. तीनशे आणि सहाशे मिलिमीटर यांतला फरक दिसेनासा होतो, आणि आपल्याकडे ज्वारी हाती लागणार की नाही, हे त्याच फरकावर ठरतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: घाटाकडचे नकाशे वरच्या ओळीत, त्यांची पट्टी वेगळी, पूर्वेकडचे तिन्ही खालच्या ओळीत, शून्य ते आठशे अशा एकाच पट्टीवर. किमान-कमाल आकडे तिन्ही चित्रांना सारखेच द्यायचे. पट्टी एका चित्राची आणि बाकीची दोन वेगळ्या मोजमापाची असतील, तर ती पट्टी खोटं बोलते.

आता जागेचं. रंगपट्टी ज्या चित्राला जोडाल, त्याच्याच जागेतून ती साधारण पंधरा टक्के रुंदी घेते. शेवटच्या चित्राला जोडली की आटपाडी बारीक, खटाव आणि माण ऐसपैस. उपाय सोपा आहे. पट्टीला एक चित्र न देता ओळीतली तिन्ही द्या, म्हणजे तिघांतूनही सारखी जागा जाते. आकृती उघडतानाच ‘कॉन्स्ट्रेन्ड’ ही मांडणी मागा, म्हणजे आकडे आणि शीर्षकं एकमेकांवर चढत नाहीत. रंगक्रम मात्र व्हिरिडिस हाच, जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा, ठेवा. मॅटप्लॉटलिबच्या 2017 मधल्या 2.0 आवृत्तीपासून तोच आपोआप येतो, आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरही त्याचा चढउतार वाचता येतो. ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते ती झेरॉक्सच.

शिक्षकांना एवढीच विनंती: प्रकल्पात पावसाचे नकाशे आले, तर गुण देण्याआधी पट्टीवरचे आकडे वाचा, आणि आटपाडीचा नकाशा खटावशेजारी त्याच पट्टीवर काढून घ्या.