व्यायाम शिकवण्याआधी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सॉफ्टवेअरवर बोल म्हणून सांगितलं होतं. मी व्यायामाचा विषय मागून घेतला. एक तर नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार करत मी ट्रेनरचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. दुसरं म्हणजे आपल्या ग्रुपवर वर्षभरात तिघांनी विचारलंय, "मुलगा जिम ट्रेनर व्हायचं म्हणतोय, काय करू?" विश्रामबागेत आणि मिरजेच्या रस्त्याला जिमच्या पाट्या दिसतातच, त्यामुळे मुलांना काम मिळेल. पण त्यांच्यापुढे येऊन उभे राहणार आहोत आपण. पंचेचाळिशीचे, दिवसभर खुर्चीत बसणारे, कुणाला बीपी, कुणाला शुगर. म्हणून या मुलांना काय यायला हवं, तेवढंच सांगते.

पहिली गोष्ट चढत्या भाराची. सवयीच्या कामाने शरीर बदलत नाही. सवयीपेक्षा थोडं जास्त काम पडलं, तरच बदलतं. तालमीत वस्ताद पोराच्या जोर-बैठकांचा आकडा वाढवत नेतात, ते हेच. मात्र एका मर्यादेनंतर नुसता आकडा वाढवला तर मुख्यतः दम वाढतो. ताकदीसाठी वजन वाढवावं लागतं. आणि इथेच नवा ट्रेनर फसतो. पहिल्या काही आठवड्यांत माणूस भराभर जास्त वजन उचलायला लागतो. तेव्हा स्नायू फारसा वाढलेला नसतो. मेंदू आणि नसा त्याच स्नायूकडून जास्त काम करून घ्यायला शिकलेल्या असतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मात्र सावकाश मजबूत होतात. उत्साहाच्या भरात वजन वाढवत गेलं की खांदा नाहीतर कोपर दुखावतं.

दुसरी गोष्ट, ज्याचा सराव कराल तेच अंगात येतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत तयार झालेला हा मल्ल तिथे मॅटवर लढला आणि सहावा आला. मातीत पाय रुततो, मॅटवर तसा रुतत नाही. पकड आणि चपळाई, दोन्हींचं गणित बदलतं. चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपल्या मुलांनी यातून एवढंच घ्यावं: समोरची बाई म्हणाली, "मला जिना चढताना दम लागतो," तर तिला दंडाचे व्यायाम देऊन भागणार नाही. तिला चालणं, पायरी चढ-उतार आणि खुर्चीतून उठ-बस द्यायला हवी.

तिसरी गोष्ट विश्रांतीची. व्यायाम करताना स्नायू थकतो. तो घडतो नंतर, खाण्यातून आणि झोपेतून. एकाच स्नायूला जड व्यायाम दिला की साधारण ४८ तास मोकळे ठेवावेत. तालमीत मालिश, खुराक आणि दुपारची झोप हा सरावाचाच भाग मानतात, ते उगीच नाही. आणि सराव सुटला की कमावलेलं उतरतं. पैलवानकी सुटली पण खुराक सुटला नाही, अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या गावात आहेत.

आता आपल्या सांगलीचा संकेत सरगर. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने ११३ आणि १३५, असे एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. सुवर्णपदक २४९ किलोला गेलं. १३९ किलो उचलण्याच्या प्रयत्नात त्याच्या कोपराला दुखापत झाली, तरी तो पुन्हा उचलायला आला. खेळाडूसाठी त्या एका किलोची किंमत फार मोठी असते. पण जिममध्ये येणाऱ्या बँकेतल्या क्लार्कला तो एक किलो नको असतो. त्याला साठीनंतरही स्वतःची पिशवी स्वतः उचलायची असते. या दोन कामांतला फरक ज्याला कळला, त्याच्या हाती मी माझी आई सोपवीन.

चौथी गोष्ट, आधी विचारायचं. पी.टी.च्या तासाला सर हजेरीनंतर विचारायचे, "आज कुणाला बरं नाही?" ट्रेनरचा पहिला प्रश्न तोच असावा. बीपी असलेल्याने श्वास रोखून वजन उचललं, तर दाब एकदम चढतो. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामानंतर उतरू शकते. घड्याळं २२० मधून वय वजा करून नाडीची कमाल दाखवतात, म्हणजे आपल्यासाठी १७५. पण तो नुसता अंदाज आहे, माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. बीपीच्या काही गोळ्यांनी तर नाडी मुळातच मंद राहते. त्यापेक्षा सोपी कसोटी म्हणजे चालताना बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, तर वेग मध्यम. असा व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं आणि ताकदीचा किमान दोन दिवस, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. छातीत दुखलं, चक्कर आली, तर व्यायाम थांबवून डॉक्टरकडे पाठवायचं. निदान करणं ट्रेनरचं काम नाही.

माझ्या धंद्यातली एक सवय मात्र मी मुलांना देईन. आम्ही चालू प्रोग्रॅममध्ये एका वेळी एकच बदल करतो आणि तो लिहून ठेवतो. म्हणजे काही बिघडलं, तर कशामुळे ते कळतं. गिऱ्हाईकाची वही तशीच ठेवावी. वजन वाढवलं त्याच आठवड्यात नवा व्यायाम आणि नवा आहार सुरू केला, तर गुडघा कशाने दुखला हे कुणालाच सांगता येणार नाही.

ज्यांची मुलं या वाटेने जाणार आहेत, त्यांना एक विनंती. नुसतं सर्टिफिकेट मिळालं म्हणून त्यांना लगेच जिम काढून देऊ नका. आधी सहा महिने अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करू द्या, आणि सीपीआर शिकल्याशिवाय एकही बॅच घेऊ देऊ नका. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, सुरुवात तुमच्या त्या प्रश्नापासूनच करायला मी त्यांना सांगितलं आहे.