आधी प्लॉट दाखवा, मग दर सांगा

(जालन्यातील तरुण मुला-मुलींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय साधा आहे. सोशल मीडियाचं काम करून देणाऱ्या तरुणाला गिऱ्हाईक कुठून मिळणार? इथे बसलेल्या बऱ्याच जणांना काम येतं. मोबाईलवर रील कापता येते, कॅनव्हावर पोस्ट करता येते, इन्स्टाग्रामचं पेज सांभाळता येतं. अडतं ते पुढे. दुकानात गेलं की शेठ म्हणतात, "अरे बाबा, आमचा पुतण्याच करतो ते." दुसरे म्हणतात, "दिवाळीनंतर बघू." आणि तिसरा एक नकार असतो, तो कुणी तोंडावर देत नाही. आपण घरी येऊन मनाशी विचारत राहतो, माझं नाव ऐकून तर नाही ना म्हणाले? या तिन्ही नकारांवर आज बोलू.

त्याआधी आपल्या गावाकडे बघा. "जालना सोने का पालना" असं आपल्याकडे जुने लोक म्हणतात. हे गाव व्यापारावर उभं आहे. बियाणे, सळई, मोसंबी, रेशीम कोष. त्यात बियाण्याचा धंदा आपल्याला सगळ्यात जास्त शिकवू शकतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली. त्याआधी ते पुसा सावनी या भेंडीच्या जातीचं बियाणं तयार करत होते. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आता बियाण्याची अडचण समजून घ्या. पाकीट हातात घेऊन शेतकऱ्याला काहीच कळत नाही. आत काय आहे ते तीन-चार महिन्यांनी शेतात दिसतं, आणि तोवर हंगाम गेलेला असतो. मग तो विश्वास ठेवणार कशावर? म्हणून बियाण्याचा धंदा प्लॉट दाखवायला शिकला. गावातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या शेतात ती जात लावायची, बांधावर पाटी लावायची आणि पीक उभं असताना आजूबाजूच्यांना शिवार फेरीला बोलवायचं. शेजाऱ्याच्या रानात डोळ्यांनी पाहिलं की शेतकरी पाकीट उचलतो.

आपलं कामही बंद पाकिटासारखंच आहे. "मी तुमचा धंदा वाढवून देतो" हे वाक्य शेठने दहा जणांकडून ऐकलेलं असतं. म्हणून मी एवढंच सांगेन, आधी प्लॉट दाखवा, मग दर सांगा.

प्लॉट कुठे लावायचा? इथे बरेच जण चुकीच्या दारात जातात. कुणी सरळ एमआयडीसीत सळईच्या कारखान्यावर जातो आणि गेटवरून परत येतो. तिथली जाहिरात मोठ्या ऑफिसातून ठरते. कुणी गल्लीतल्या किराणा दुकानात जातो. त्या दुकानाला गल्ली आधीच ओळखते, त्याला रीलची गरजच नाही. ज्याचं गिऱ्हाईक लांबून येतं, किंवा येण्याआधी फोनवर शोधतं, असा धंदा तुम्हाला हवा. अंबड किंवा घनसावंगीकडची मोसंबीची रोपवाटिका घ्या, तिथे दुसऱ्या जिल्ह्यातला शेतकरीही रोपं घ्यायला येऊ शकतो. मंगल कार्यालय, ठिबकचा डीलर, शेतीची अवजारं बनवणारं वर्कशॉप, दहावी-बारावीचे क्लासेस, फर्निचरवाला, गाडीचं गॅरेज. कारखान्याऐवजी मंठा किंवा परतूरला तीच सळई विकणारा डीलर गाठा. निर्णय घेणारा माणूस तिथे गल्ल्यावरच बसलेला असतो.

आता करायचं काय ते सांगतो. असा एकच धंदा निवडा. त्या धंद्यातल्या दहा जणांची गुगल बिझनेस प्रोफाइल उघडून बघा. नकाशावरची जागा चुकलेली असते, फोन नंबर बंद असतो, वेळ लिहिलेली नसते, फोटो कुणीतरी चार वर्षांपूर्वी टाकलेला असतो. दहांपैकी एकाकडे जा आणि सांगा, "दादा, तुमचं दुकान नकाशात दुसऱ्याच रस्त्यावर दिसतंय. मी तुमच्यासमोर नीट करून देतो, पैसे नकोत." अर्ध्या तासाचं काम आहे आणि प्रोफाइलही फुकट आहे. नीट केल्यावर एक आकडा लिहून ठेवा, गेल्या महिन्यात तिथून किती फोन आले आणि किती जणांनी रस्ता विचारला. हे आकडे प्रोफाइलमध्येच दिसतात. मग तीस दिवस त्यांच्यासाठी काम करा. चार चांगले फोटो, दोन रील, आलेल्या प्रश्नांना उत्तरं. तिसाव्या दिवशी एका कागदावर आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा लिहून त्यांच्या हातात द्या. आकडा फारसा वाढला नसेल तर तेही लिहा आणि कारण सांगा. हा कागद म्हणजे तुमच्या बांधावरची पाटी. मालकाला विचारून तोच कागद उरलेल्या नऊ जणांना दाखवा.

फुकट काम एकदाच, एकाच जागी आणि तीस दिवस. हे सुरुवातीलाच बोलून घ्या. तीन ठिकाणी फुकट करत बसलात तर तुमचा दर शून्य आहे अशीच बाजाराची समजूत होते. मोहल्ल्यातले ओळखीचे "अपनाही बच्चा है" म्हणून फुकट मागतील. त्यांना सलाम करा, चहा प्या आणि दर सांगा.

आता पहिला नकार, पुतण्या. पुतण्याला ॲप येतं, हे खरं आहे. पण पुतण्या परीक्षेच्या वेळी गायब होतो, फोनला उत्तर देत नाही आणि महिन्याचा हिशेब तर देतच नाही. तुम्ही पुतण्याला नावं ठेवू नका, तो घरचा माणूस आहे. शेठना विचारा, "गेल्या महिन्यात फोन बघून किती गिऱ्हाईक आलं?" उत्तर नसेल तर तुमचं काम तिथून सुरू होतं. आणि तुमच्याकडे आणखी एक भांडवल आहे. घरात दखनी-उर्दू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. भोकरदनच्या शेतकऱ्याला कोणता शब्द कळतो आणि बाहेरच्या व्यापाऱ्याला कोणता, हे तुम्हाला न शिकता येतं. मोठ्या शहरातली एजन्सी "सिंचन प्रणाली" लिहील. तुम्ही "ठिबक" लिहाल, आणि शोधणारा तेच टाईप करतो.

दुसरा नकार, "नंतर बघू". बहुतेक वेळा आपण चुकीच्या महिन्यात गेलेलो असतो. कृषी सेवा केंद्राचा मालक जूनमध्ये मान वर करत नाही, त्याच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये जा. लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, म्हणून मंगल कार्यालयाकडे दसऱ्याच्या आधी जा. क्लासेसवाल्यांना निकालाच्या आधी गाठा. कपड्याच्या दुकानात रमजान लागल्यावर जाऊन उपयोग नाही, दोन महिने आधी बोला. वहीत बारा महिन्यांचं एक पान करा आणि कुणाकडे कधी जायचं ते त्यात लिहा. आणि फ्लेक्सवाले, छपाईवाले, लग्नाचे फोटोग्राफर यांच्याशी दोस्ती ठेवा. गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडे येतं. त्यांनी काम पाठवलं तर त्यांचा वाटा ठरवा आणि वेळेवर द्या.

आता तिसरा नकार. नावावरून काम नाकारलं जातं का? कधी कधी जातं. हे घडतच नाही असं सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. पण प्रत्येक नकार त्याच कारणाने आला असं धरून बसलात, तर घराबाहेर पडणंच बंद होईल. पेजवर दुसरंच नाव लावून काम मिळवायचा सल्ला काही जण देतात. तो घेऊ नका. यूपीआयने पैसे आले की नाव दिसतंच, आणि मग माणसाला वाटतं की याने आणखी काय लपवलं असेल. नाव पूर्ण लावा, पण ओळख आधी कामाने होऊ द्या. जमेल तिथे कुणाच्या तरी शिफारशीने जा. रोपवाटिकेच्या मालकाने ठिबकवाल्याला फोन करून सांगितलं, "पोरगं वेळेवर काम देतं," की तुमच्या नावाचा अर्थ त्या बाजारात बदलायला लागतो.

यातली दुसरी बाजूही ऐका. पहिलं काम मोहल्ल्यातल्या बेकरीचं, हॉटेलचं किंवा गॅरेजचं मिळालं तर आनंदाने घ्या, पण तिथेच थांबू नका. सळईवाला, मोसंबीवाला, शेतकरी आणि मिस्त्री यांचं एकमेकांवाचून चालत नाही. जो तरुण या सगळ्यांच्या दुकानात जातो, त्याच्याबद्दल अफवा कमी चालतात. आणि एकाच गिऱ्हाइकावर घर चालवू नका. एकूण कमाईच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कुणा एकाकडून येत असेल, तर पुढचं गिऱ्हाईक शोधायला लागा. म्हणजे एखाद्याने उद्या तोंड फिरवलं तरी चूल बंद होणार नाही.

मुलींसाठी वेगळं सांगतो. दुकानोदुकानी फिरणं सगळ्यांना जमत नाही. मेहंदी, शिलाई, पार्लर, डबे, असे बायकांनी चालवलेले धंदे तुमच्यासमोरच आहेत. दोघी मिळून काम करा, एकीने बोलायचं आणि एकीने शूट करायचं. आणि कमाई स्वतःच्या नावाच्या खात्यात घ्या, भावाच्या नाही.

दर कसा काढायचा? तास मोजा. समजा महिन्याला बारा पोस्ट, प्रत्येकी दीड तास, म्हणजे अठरा तास. चार रील, प्रत्येकी चार तास, म्हणजे सोळा. फोन आणि भेटी सहा तास. एकूण चाळीस. तासाला दीडशे रुपये धरले तर सहा हजार. जाहिरातीवर फेसबुकला जाणारा पैसा यात धरू नका. तो मालकाच्या खात्यातून, मालकाच्या कार्डावरून जाऊ द्या. त्यांचा पासवर्ड मागू नका, पेजवर स्वतःला परवानगी घेऊन काम करा.

आणि लिहून घ्या. काय करणार, किती करणार, पैसे कोणत्या तारखेला, किती वेळा बदल फुकट. व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहून समोरच्याचं "ठीक आहे" आलं तरी पुष्कळ. ओळखीत लिखापढी कशाला, असं आपल्याकडे म्हणतात. कुरआनातली सगळ्यात लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, एवढं त्यांना आठवण करून द्या. सरकारी बाजूने उद्यम नोंदणी करा. ती ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

शेवटी, कोणतं काम घ्यायचं नाही ते सांगतो. खोटे रिव्ह्यू लिहिणं, फॉलोअर्स विकत आणणं, "एकरी इतके क्विंटल येणारच" असं बियाण्याबद्दल लिहिणं, हे घेऊ नका. डॉक्टरांचं काम आलं तर लक्षात ठेवा, रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करण्यावर वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी बंधन आहे. वेळ, पत्ता आणि आरोग्याची माहिती एवढ्यावरच थांबा. निवडणुकीत पैसा चांगला मिळतो. उमेदवाराची सभा, त्याचं काम, त्याचं आवाहन, हे जरूर करा. पण कुणा समाजाविरुद्धची पोस्ट टाकायला सांगितली, मग ती कोणत्याही बाजूची असो, तर हात जोडा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा दाखल झाला तर पोलीस आधी पोस्ट टाकणाऱ्याला शोधतात. नेता सुटेल, पेजचा ॲडमिन तुम्ही असाल. आणि काम देण्याआधी जो तुमच्याकडूनच "रजिस्ट्रेशन फी" मागतो, तो गिऱ्हाईक नाही, ठग आहे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

आज घरी जाऊन एक धंदा ठरवा. उद्या त्यातल्या दहा दुकानांची यादी करा. परवा एका दुकानात जा आणि नकाशावरची त्यांची जागा नीट करून द्या. तीस दिवसांनी तुमच्या हातात तो एक कागद असेल. मग पुढच्या दुकानात जाल तेव्हा तुम्हाला जास्त बोलावं लागणार नाही.