काळ्या पाषाणातील पाणी



ज्वालामुखी म्हटला की जावा बेटावरील मेरापीसारखा धुमसणारा पर्वत डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याच्या राखेने सुपीक झालेल्या उतारांवर शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. महाराष्ट्रातील बहुसंख्य खेडीही ज्वालामुखीच्याच भूमीवर वसलेली आहेत, याचे स्मरण मात्र क्वचितच राहते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेल्या लाव्हारसाचे थरावर थर थिजले आणि त्यांचा काळा पाषाण झाला. या पाषाणाने महाराष्ट्राला काळी कसदार माती दिली, तशीच पाण्याची चणचणही दिली.

अखंड पाषाण पाणी धरीत नाही. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. मुरूम किती हातांवर संपतो, झरा कोणत्या अंगाने येतो, हे विहीर खणणारा ग्रामस्थ अनुभवाने जाणतो. परंतु एकट्याचे ज्ञान गावाला तारीत नाही. त्याला सर्वांच्या शिस्तीची जोड लागते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या पर्जन्यछायेतील गावाने ही जोड दिली. १९७२ च्या दुष्काळाची झळ सोसलेल्या या गावातील अनेक कुटुंबे पोटासाठी बाहेर पडली होती. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर रोजगार हमी व आदर्श गाव या योजनांचे साहाय्य आणि ग्रामस्थांचे श्रमदान यांतून डोंगरउतारांवर समतल चर खोदले गेले, ओढ्यांवर बांध पडले. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली गेली. शेतीसाठी विंधन विहीर घेण्यास आणि ऊस व केळी लावण्यास गावाने मनाई केली.

यामागील विचार सरळ आहे. विंधन विहीर एकाच्या शेतात असली, तरी भेगांतून तिच्याकडे ओढले जाणारे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीचेही असते. म्हणून हे गाव पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. माणसे व जनावरे यांचा वाटा आधी राखला जातो. उरलेल्या पाण्यावर पिके ठरतात. पाऊस कमी, तर अधिक पाण्याची पिके वर्ज्य.

शाळेतील विद्यार्थ्यांना पर्जन्यमापक वाचता यावा, ग्रामसभेत विहिरींच्या पातळीचे वाचन व्हावे आणि अधिकाऱ्यांनी आराखडा करण्यापूर्वी जाणत्या विहीर खणणाऱ्यांना विचारावे. एवढे झाले, तरी पुष्कळ गावांचा उन्हाळा सुसह्य होईल.