ओटची भाकरी आणि एकटा वाटसरू

मुंबई इलाख्याच्या इतिहासांत एल्फिन्स्टन, माल्कम आणि विल्सन हीं तीन नांवें शाळेंतील मुलांच्याहि परिचयाचीं असतात. पहिल्याच्या नांवानें एल्फिन्स्टन कॉलेज निघालें, दुसऱ्याच्या नांवानें महाबळेश्वरीं माल्कमपेठ वसली आणि तिसऱ्यानें काढलेल्या शाळेंतून विल्सन कॉलेज उदयास आलें. या तिघांस ‘इंग्रज’ म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. वस्तुतः तिघेहि स्कॉटलंडचे. एल्फिन्स्टन डंबार्टनचे, माल्कम डम्फ्रीस प्रांतांतले आणि विल्सन लॉडर या लहानशा गांवचे. इंग्लंडच्या उत्तरेस असलेला हा देश विस्तारानें महाराष्ट्राच्या पावपट आहे. त्याचा मोठा भाग डोंगरांनीं, दलदलींनीं आणि सरोवरांनीं व्यापलेला आहे. अशा भूमीची ओळख करून घेण्याचे मार्ग दोन : एक ग्रंथांचा, दुसरा पायांचा. आणि पायांच्या मार्गानें जो एकटा जातो, त्यास पोट हा मोठा गुरु भेटतो.

मंडळी जमवून प्रवासास निघालें म्हणजे घर बरोबरच चालतें. बोलणें आपल्याच भाषेंत, थट्टामस्करी आपलीच, आणि भूक लागली कीं डबाहि आपलाच उघडावयाचा. परका देश खिडकीबाहेर राहतो. एकट्याची गोष्ट निराळी. पावसांत भिजून संध्याकाळीं एखाद्या खेड्यांतील खाणावळींत तो शिरला, तर त्यास शेकोटीजवळ बसलेल्या अनोळखी माणसाशीं दोन शब्द बोलावेच लागतात, आणि समोर येईल तें ताट काय आहे, हें विचारावेंच लागतें. त्या एका प्रश्नापासून खऱ्या प्रवासास आरंभ होतो.

स्कॉटलंडांत असे एकटे वाटसरू पूर्वींपासून होऊन गेले. इंग्रज कवि कोलरिज हा १८०३ सालीं वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डॉरोथी यांच्याबरोबर तिकडे गेला होता. लोमंड सरोवराच्या परिसरांत तो त्यांच्यापासून निराळा झाला आणि पुढें पायींच निघाला. आठ दिवसांत २६३ मैल चालून तो पर्थ शहरीं पोंचला. आजच्या प्रवाशास एवढी दौड करण्याचें कारण नाहीं. ग्लासगोजवळील मिलगाय येथून फोर्ट विल्यमपर्यंत जाणारी ९६ मैलांची पायवाट १९८० सालीं खुली झाली. ती बहुतेक लोक आठवड्याभरांत पुरी करितात. १९३१ पासून तरुण प्रवाशांसाठीं स्वस्त वसतिगृहें निघालीं. त्यांच्या सामाईक स्वयंपाकघरांत दहा देशांचीं माणसें एका चुलीभोंवतीं जमतात. २००३ च्या एका कायद्यानें तर, पिकांस, गुरांस वा कोणाच्या खाजगीपणास उपद्रव न देतां, बहुतेक जमिनीवरून चालण्याचा हक्क सर्वांस दिला आहे.

या वाटेवर पहिला परिचय होतो तो ओट नांवाच्या धान्याचा. उन्हाळा अल्प, पाऊस फार आणि माती आंबट. अशा ठिकाणीं गहूं नीट पिकत नाहीं, ओट पिकतो. म्हणून ओट हेंच डोंगरी स्कॉटलंडचें अन्न झालें. जाडसर पीठ पाण्यांत शिजवून, लांकडी दांड्यानें सतत ढवळीत, त्याची लापशी करितात. जुन्या वळणाचे लोक तींत साखर न घालतां मीठ घालतात. त्याच पिठांत थोडी चरबी किंवा लोणी आणि ऊन पाणी घालून पातळ भाकरी थापतात व लोखंडी तव्यावर भाजतात. ती कोरडी असल्यामुळें पुष्कळ दिवस टिकते आणि वाटसरूच्या खिशांत सुखानें राहते. चौदाव्या शतकांतील फ्रॉइसार नांवाच्या बखरकारानें लिहून ठेवलें आहे कीं, स्कॉच स्वार खोगिराखालीं लोखंडी तवा आणि पाठीशीं पिठाची पिशवी घेऊन मोहिमेवर जात. आज दुकानांत ही भाकरी सुबक पुड्यांत मिळते, परंतु तिचा वंश या स्वारांच्या तव्यापर्यंत जातो.

या धान्याची एका थोर पंडितानें केलेली थट्टा प्रसिद्ध आहे. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यानें १७५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशांत ‘ओट’ या शब्दाचा अर्थ देतांना, इंग्लंडांत हें घोड्यांस घालतात आणि स्कॉटलंडांत माणसें खातात, अशा आशयाची कोटी केली. पुढें १७७३ सालीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं, हाच पंडित बॉस्वेल या स्कॉच मित्रासह त्या देशाच्या दौऱ्यावर निघाला. नेस सरोवराच्या कांठीं त्यांनीं एक झोंपडी पाहिली व ते आंत गेले. एक वृद्ध स्त्री भांड्यांत बकऱ्याचें मांस शिजवीत होती. तिला पांच मुलें. नवरा ऐंशी वर्षांचा, तो थोरल्या मुलासह रानांत कामास गेलेला. दोन मुलगे पीठ आणण्यासाठीं दूर इन्व्हर्नेसला गेले होते. पीठ म्हणजे ओटचेंच. तें महाग अन्न आहे, आणि वसंतांत शेळ्या दूध देऊं लागल्या म्हणजे मुलें त्यावांचूनहि राहूं शकतात, असें तिनें सांगितलें. मग तिनें पाहुण्यांस बसावयास सांगून आपली व्हिस्की पुढें केली.

कोशकारानें ज्या धान्याची थट्टा केली, तें त्या घरांत जपून वापरण्याची वस्तु होती. जॉन्सनच्या मनाचा मोठेपणा असा कीं, त्यानें हा प्रसंग आपल्या प्रवासवर्णनांत काळजीपूर्वक लिहून ठेवला. त्या बाईचें आतिथ्यहि तो विसरला नाहीं. एवढेंच नव्हे, तर लोणी, मध आणि मुरंबे यांनीं सजलेल्या स्कॉच न्याहारीचीहि त्यानें मनापासून वाखाणणी केली. लंडनच्या खोलींत बसून केलेली कोटी आणि झोंपडींत बसून केलेली नोंद यांत जें अंतर आहे, तेंच प्रवासाचें फळ होय.

डोंगर सोडून समुद्राकडे वळलें म्हणजे ताटांत मासळी येते. पूर्व किनाऱ्यावर आर्ब्रोथ नांवाचें बंदर आहे. त्याच्या जवळच्या ऑकमिथी या कोळीवाड्यांतून निघालेली एक रीति तेथें अद्याप चालते. हॅडक जातीच्या दोन दोन माशांच्या शेपट्या एकत्र बांधून ते काठीवर टांगतात आणि लांकडाच्या धगीवर व धुरावर शिजवितात. वरची कातडी तांबूस होते, आंतलें मांस मऊ व पांढरें राहतें. आर्ब्रोथपासून पांच मैलांच्या आंत तयार झालेल्या मालासच तें नांव लावतां यावें, असें संरक्षण त्यास २००४ सालीं मिळालें. उत्तरेस कलन नांवाच्या गांवीं धुरी दिलेला हॅडक, बटाटे, कांदा आणि दूध यांचें दाट सार करितात. थंडीनें गारठलेल्या माणसास त्यासारखें औषध नाहीं. तोच धुरी दिलेला मासा भात व उकडलेलें अंडें यांत मिसळून न्याहारीस एक पदार्थ केला जातो, त्यास ‘केजरी’ म्हणतात. हा शब्द म्हणजे आपली खिचडी होय. हिंदुस्थानांत राहून आलेल्या साहेबलोकांबरोबर ती विलायतेस गेली आणि तेथें मत्स्याहारी झाली!

हॅगिस या पदार्थाचें नांव ऐकून पुष्कळ परदेशी प्रवासी दचकतात. मेंढराचें काळीज, यकृत आणि फुप्फुस बारीक करून त्यांत ओट, चरबी, कांदा व मिरपूड घालतात आणि तें मिश्रण मेंढराच्याच पोटाच्या पिशवींत भरून उकडतात. जनावराचा कोणताहि भाग फुकट जाऊं नये, हा यांतील हेतु. कवि रॉबर्ट बर्न्स याच्या जन्मदिवशीं, २५ जानेवारीस, हा पदार्थ समारंभपूर्वक खाल्ला जातो. गरिबीच्या पोटीं जन्मलेलें अन्न असें राष्ट्राच्या अभिमानाचें झालें आहे. शाकाहारी माणसासहि निराश होण्याचें कारण नाहीं. ओट, कडधान्यें आणि भाज्या यांचें हॅगिस हल्लीं पुष्कळ ठिकाणीं मिळतें. मात्र भाकरींत किंवा सारांत चरबी आहे काय, हें त्यानें आधीं विचारून घ्यावें. विचारलेलें तिकडे कोणास वावगें वाटत नाहीं.

एकट्या प्रवाशास या देशांत सर्वांत अधिक मोहविणारी गोष्ट म्हणजे निर्जनता. दरीमागून दरी ओलांडावी, परंतु माणूस दृष्टीस पडत नाहीं. तथापि ही निर्जनता सर्वत्र निसर्गानें दिलेली नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढें कित्येक दशकें जमीनदारांनीं मेंढरांच्या कुरणांसाठीं कुळें उठविलीं. सदरलंड प्रांतांतील स्ट्रॅथनेव्हर या दरींत १८१४ आणि १८१९ सालीं घरेंच्या घरें रिकामीं केलीं गेलीं. त्या घरांच्या दगडी जोत्यांवर आज गवत वाढलें आहे. उठविलेल्या माणसांस समुद्रकांठीं चिंचोळे तुकडे मिळाले. एवढ्या जमिनींत ओट पुरेना. म्हणून बटाटा हाच आधार झाला, आणि ज्यांनीं कधीं नांव पाहिली नव्हती त्यांस मासेमारी शिकावी लागली. १८४६ सालीं बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळ आला. तेव्हां दुष्काळी कामें काढून मजुरीच्या मोबदल्यांत पीठ देण्यांत आलें. वायव्येकडील डंडोनेलच्या एका रस्त्यास अद्याप ‘विपत्तीचा रस्ता’ याच अर्थाचें इंग्रजी नांव आहे. पुष्कळ कुटुंबें कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथें गेलीं, तीं परत आलीं नाहींत.

हें ज्यास ठाऊक आहे, तो त्या रस्त्यावरून चालतांना खिशांतील भाकरीचा तुकडा निराळ्या भावनेनें खातो. ताटांतील बटाटा, मासा व ओट हे तीन पदार्थ म्हणजे त्या लोकांच्या इतिहासाचीं तीन प्रकरणें आहेत, हें त्याच्या ध्यानांत येतें.

एकट्यानें जावयाचें तर सावधगिरीहि हवी. तेथील आभाळ तासातासाला पालटतें. म्हणून कोणत्या वाटेनें जाणार व केव्हां परतणार, हें मुक्कामाच्या घरीं सांगून निघावें. उन्हाळ्यांत मिज नांवाचीं बारीक चिलटें थव्यांनीं चावतात. खेड्यांतील खाणावळींच्या चुली रात्रीं लवकर विझतात, आणि ल्यूइससारख्या बेटावर रविवारीं पुष्कळ दुकानें बंद असतात. डोंगरांत मेंढपाळांचीं जुनीं घरें निवारा म्हणून मोफत उघडीं ठेवलेलीं असतात. त्यांची निगा राखण्यासाठीं १९६५ पासून एक स्वयंसेवी संस्था झटत आहे. परंतु तेथें छप्पर मिळतें, अन्न मिळत नाहीं. शिधा आपला आपण न्यावा, आणि मागून कोणी भिजत आला तर त्यांतला वांटा त्यास द्यावा.

असा वांटा देण्याची रीति त्या भूमींत नवी नाहीं. नेस सरोवराच्या कांठच्या त्या बाईच्या घरीं पीठ नव्हतें, तें आणावयास मुलें गेलीं होतीं. तरीहि दारीं आलेल्या अनोळखी माणसास तिनें आधीं बसावयास सांगितलें. स्कॉटलंडांत जाणाऱ्या एकट्या वाटसरूनें पर्वत, सरोवरें आणि किल्ले अवश्य पाहावे. परंतु ज्यानें तेथील माणसाच्या चुलीशीं बसून, विचारपूस करून, त्यांचें साधें अन्न खाल्लें, त्यानेंच तो देश पाहिला असें म्हणावें लागेल.